कुत्र्याचं केळवण

बांगडा मी गंमत म्हणून टाकला होता. बोटीचा दिवस, मांडवीच्या बंदरावर ही गर्दी, डोक्यांवर ट्रंका, कडेवर पोरं, आणि मी आपली चणे-फुटाण्यांची पाटी गळ्यात अडकवून माणसांतून हिंडत होतो. कुणाच्या तरी शिदोरीतून एक तळलेला बांगडा वाळूत पडला. तिखट लावलेला, कडा कुरकुरीत. वखारीच्या भिंतीशी एक तांबूस कुत्रा बसला होता, बरगड्या सगळ्या बाहेर. म्हटलं बघू या, आधी कावळा झडप घालतो की हा. चार हमाल बघायला थांबलेच. भागोजी फुटाणेवाला वाकला की बंदर थांबतं, एवढं नाव कमावलंय मी. टाकला बांगडा. कुत्र्यानं वास घेतला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पाठीमागं बघितलं, तिथं आणखी कोण उभं आहे काय असं. आणि शेपूट पोटाखाली घालून तो मागं सरकायला लागला. तोंड बांगड्याकडे, पाय मागं मागं, पार ओल्या वाळूपर्यंत, लाटेत पाय भिजेपर्यंत. तिथं उभा राहून त्यानं जो आवाज काढला तो भुंकण्याचा नव्हता आणि रडण्याचाही नव्हता. माणूस झोपेत कुणाला तरी हाक मारतो आणि हाक तोंडाबाहेर येत नाही, तसला काहीतरी. बांगडा कावळ्यानं नेला. हमाल हसले. मीपण हसलो, सवयच ती. पण ते हसू काट्यासारखं घशात आडवं बसलं. भाताचा गोळा गिळून काटा जातो, हा गेला नाही.

"हसतोस काय मेल्या?" मागनं गोदूबाईचा आवाज आला. गोदूबाई म्हणजे आमच्या बंदरावरची जुनी मासेवाली. आता टोपली डोक्यावर पेलवत नाही, म्हणून नवऱ्याच्या जाळी ठेवायच्या मांगरात सोडलेली कुत्री सांभाळत बसते. जाळी गेली, नवरा गेला, मांगर राहिला, त्यात ही फौज. "त्याला मासा दाखवू नको. मासा बघितला की त्याला वाटतं, परत सोडतायत."

"मासा बघून पळणारा कुत्रा पहिल्यांदाच बघितला गो गोदूबाय. उपास धरला असेल त्यानं."

"तुझ्या तोंडाला कुलूप घालायला पायजे. अरे, सोडून जाणारी माणसं काय करतात? जायच्या दिवशी त्याला पोटभर घालतात. जन्मात कदी घातलं नसेल असलं. भात, वर मासा, कोण कोंबडीचा पाय घालतात, कोण दूधभात. तळतळाट लागू नये म्हणून. तो बिचारा मान खाली घालून जेवतो, शेपूट हलवतो, आणि मान वर करतो तर माणसांना बोटीवर नेणारा पडाव निघालेला. मग हितं आला की चांगलं काय पुढं ठेवलं तर त्याची बोबडी वळते. शिळी पेज दे, खातो. मासा दे, पळतो."

"म्हणजे केळवणच की!" मी म्हटलं. "लग्नाआधी नवरीला घालतात तसं. कुत्र्याचं केळवण!"

हमाल पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत तो शब्द बंदरभर झाला. पडावाचा तांडेल म्हणायला लागला, तिकीट कापणारा म्हणायला लागला, बोटीवर चढणाऱ्या एका बाईला कुणीतरी विचारलंसुद्धा, काय वहिनी, केळवण झालं काय कुत्र्याचं? ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मला नाव ठेवायची खोडच आहे. माझ्या घरच्या कुत्र्याचं नाव मी मामलेदार ठेवलं ते काय उगाच? रघूनं, माझ्या मुलानं, ते पिल्लू पावस गावाहून येताना खाडीच्या तरीतून सदऱ्याच्या आत लपवून आणलं. कपाळावर पांढरा टिळा, चालणं तोऱ्यात. म्हटलं, हा मामलेदार. मग भर बाजारात मी ओरडायचो, "मामलेदार, हड! मामलेदार, त्या उकिरड्यात तोंड घालू नको!" कचेरीतली माणसं तोंड फिरवून हसत जायची. एकदा खरोखरीचा साहेब मोटारीतून उतरत होता आणि मी मागनं, "मामलेदार, बस खाली!" कुत्रा बसला. साहेब उभा राहिला. बाजार आठवडाभर हसला. रघू त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "बाबा, एक दिवस तुमची थट्टा तुमच्याच गळ्यात येईल." माझ्या गळ्यात चण्यांची पाटी आहे, थट्टेला जागा कुठं, म्हटलं मी.

त्या संध्याकाळी पाटी गळ्यातून काढली तरी मान हलकी झाली नाही. पडवीत बसलो. मामलेदार पायाशी येऊन पसरला, त्याचं पोट वरखाली होत होतं, आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर घरात येऊन परत जात होता. घर गप्प होतं. चुलीजवळ माझ्या सुनेचा, कमळीचा पोळपाट भिंतीला तसाच टेकून उभा होता. आणि मला ते वडे आठवले. आठवले म्हणजे काय, तोंडात चवच आली. गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतर रघू परत मुंबईला जायचा त्याच्या आदल्या दिवशी कमळीनं कोंबडा कापायला लावला. वडे आणि सागोती. वर सोलकढी, वर तांदळाची खीर. एरवी पेज आणि सुकटाचं कालवण, त्याच घरात. मी पाटावर बसून मिशीवर ताव देत म्हटलं, "कोंबडा आपला की शेजारच्या रावजीचा? आपला असला तर एवढा चवदार कसा लागतो?" रघू हसला नाही. कमळी पानात वाढत राहिली. पुरे म्हटलं तरी वाढत राहिली. पानावर एक मोकळी जागा दिसली की तिथं वडा. एकदाही वर बघितलं नाही तिनं. मी बोट चाटत एकामागून एक किस्से सांगत होतो आणि दाराबाहेर मामलेदार हाडं फोडत होता. त्यालाही तिनं भरपूर घातलं होतं. भांडी घासून झाल्यावर, हात पुसत, दाराच्या चौकटीला टेकून रघू म्हणाला, "बाबा, या वेळी कमळी पण येतेय. खोली मिळालीय." पाठीमागं कमळी चूल सारवत होती. मी म्हटलं, "बरं झालं, माझी नाचणीची भाकरी वाचली." दुसऱ्या दिवशी दोघं गेली. निघताना धक्क्यावर मी एवढ्या नकला केल्या की पडावातली परकी माणसंसुद्धा हसून डोळे पुसत होती. आणि आज, तो तांबडा कुत्रा लाटेत मागं मागं जाताना बघून, इतक्या महिन्यांनी मला कळलं की त्या रात्री दोन पानं वाढली होती. एक पाटासमोर, एक दाराबाहेर. मामलेदार आणि मी एका पंगतीला जेवलो होतो. केळवण.

बायको गेली तेव्हासुद्धा मी गंमतच करत होतो. मथुरा अंथरुणाला खिळलेली, घशातून पाणी उतरत नव्हतं. मी वैद्याची नक्कल करत होतो, त्याचं ते नाडी बघताना डोळे मिटणं, मग हळूच एक डोळा उघडून फी कुठाय ते बघणं. ती हसायची. हसताना तिला खोकला यायचा. शेवटी तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे आता." मला वाटलं नकला पुरे. मी गप्प बसलो, ती दुसरी नक्कल मागेल म्हणून वाट बघत. तिनं मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गोदूबाईच्या मांगरापाशी जास्त घुटमळायला लागलो. कशाला ते माझं मलाच नक्की सांगता आलं नसतं. मांगर म्हणजे मातीच्या भिंती, वर झावळ्या, आत अंधार आणि अंधारात डोळे. एकावर एक पडलेली कुत्री. लंगडी, कानाची चाळण झालेली, गळ्यात अजून कुणीतरी हौसेनं बांधलेला काळा दोरा असलेली. दारातून ओल्या केसांचा आणि आंबलेल्या भाताचा असा भपका यायचा की जीभ टाळूला चिकटायची. गोदूबाई मासळी बाजारातनं माशांची डोकी मागून आणायची, त्यात पेज ओतायची. पुरायचं नाही. मोठी खायची, लहान मागं राहायची, मग ती काठी घेऊन मध्ये बसायची, पंगतीत वाढपी असतो तशी.

"एवढी आली कुठून गो?" मी विचारलं. "पूर्वी काय कुत्री नव्हती? तेव्हा नाय कोण सोडत होतं."

"पूर्वी पुरुष जायचे," गोदूबाई म्हणाली. "बायको, म्हातारी आवस, पोरं, सगळं हितं. घरात चूल पेटत होती तोवर कुत्र्याला उंबरा होता. पुरुष शिमग्याला आला की त्याला ओळखायचा, गणपतीला आला की ओळखायचा. आता शेतात भात नाय, मासळीला भाव नाय. घो नेतो बायकोला, बायको नेते पोरांना. आता चूलच बोटीवर चढते रे. कुत्रा कुणाच्या उंबऱ्यावर बसणार? आतल्या गावांची माणसं चालत येतात बंदरावर, कुत्री त्यांच्या मागनं चालत येतात. बोट घेते माणसांना. ही हितंच."

आणि जी बंदरावर येत नव्हती ती खाडीवरून जात होती. आमच्या लोकांचं ठाम मत, पाणी ओलांडलं की कुत्र्याला परतीची वाट सापडत नाही. म्हणून रत्नागिरीची माणसं भाट्याच्या तरीतून कुत्रा पलीकडे सोडून यायची, आणि पावसकडची माणसं त्याच तरीतून आपला कुत्रा अलीकडे आणून सोडायची. तरवाल्याला दोन्हीकडचं भाडं. मी म्हटलं, "मधे खाडीत एकमेकांना राम राम करत असतील कुत्री." हे मी पूर्वी म्हटलं असतं तर माझं मलाच हसू आलं असतं.

मांगराच्या बाहेर, बावट्याच्या काठीखाली, एक काळी कुत्री बसलेली असायची. आत येत नसे. गोदूबाईनं ओढत आणली तरी परत तिथंच. पेज बाहेर नेऊन द्यावी लागे, तीही अर्धी टाकायची. मी म्हटलं, "ही काय बंदराची अधिकारी? येणाऱ्या बोटी मोजते?"

गोदूबाईनं पेज त्या कुत्रीपुढं सरकवली. "बाकीच्यांना कुणी ना कुणी जेवायला घालून सोडलं. ती सगळी रडली, दोन-चार दिवस ओरडली, मग माझी झाली. जेवण कशाचं ते त्यांना कळलेलं असतं. हिला कुणी काय घातलंच नाय. गुपचूप गेली माणसं. म्हणून हिला अजून सुटलंच नाय."

"म्हणजे केळवण न झालेली नवरी," मी म्हटलं. तिनं काठी उगारली. मी पळालो. गोदूबाईचं ते वाक्य मी ऐकलं आणि विसरलो. विसरलो असं म्हणतो, पण ते कुठंतरी जाऊन बसलं होतं, अंधाऱ्या मांगरात डोळे बसतात तसं.

मग शिवा आला. शिवा आमच्या वाडीचा, रघूच्याच खात्यात गिरणीत कामाला. आईला भेटायला आला होता, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत परत जाणार होता. पाटीतले फुटाणे न विचारता तोंडात टाकत म्हणाला, "भागोजीकाका, रघू म्हणाला बाबांना घेऊनच ये. कमळीवहिनीला दिवस गेलेत. घरात मोठं माणूस नाय. नातवाला फुटाणे कोण खायला शिकवणार?" आणि डोळे मिचकावले. माझ्या छातीत असं काहीतरी उसळलं की पाटी हलली. नातू. किंवा नात. मी तिथल्या तिथं त्या न जन्मलेल्या पोराच्या रडण्याची नक्कल करून दाखवली. शिवा हसला, बाजूची बाई हसली, मामलेदार मात्र कान उभे करून इकडेतिकडे बघायला लागला, पोर कुठं रडतंय म्हणून. तेव्हा मला त्याची आठवण झाली. "आणि हा?" मी विचारलं. शिवानं हातातले फुटाणे परत पाटीत टाकले. "काका, खोलीत आम्ही पाय मुडपून झोपतो. एका बाजूला रघूचं बिऱ्हाड, मधे लुगड्याचा पडदा, इकडं आम्ही चौघं. जिन्यात मांजर आलं तर मालक शिव्या देतो. कुत्रा कसा न्यायचा?"

रात्री झोप येईना. मुंबईत माझ्या नकला कुणाला कळणार? ना मामलेदार, ना वैद्य, ना तांडेल. लुगड्याच्या पडद्यामागं मी एक म्हातारा. पण इथं तरी काय होतं? मागच्या महिन्यात विहिरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी कठड्याला धरून बसलो, तेव्हा मामलेदारानं भुंकून रावजीला आणलं. रावजी म्हणाला, "एक दिवस हा भुंकेल आणि मी बाजारात असेन." आणि पोर. मांडीवर पोर घेऊन बसायची ओढ लागली होती, दिवसा काम करतानासुद्धा. मी कुत्र्याला कुंची घालून बघितली. खरंच. रघूची लहानपणची कुंची पेटीत होती, ती मामलेदाराला बांधली, मांडीवर घेतलं, वर पदरासारखं धोतर टाकलं. म्हटलं, असा नेऊ बोटीवर, कोण ओळखतंय. तो माझ्या नाकाला जीभ लावून निपचित पडून राहिला, हातपाय जवळ घेऊन, अगदी पोरासारखा. बोटीचं जमलं असतं. खोलीचं काय करायचं? मी कुंची सोडली आणि घडी करून परत पेटीत ठेवली. येणाऱ्या पोराला होईल.

राहिली गोदूबाई. तिच्याकडे मी सगळे डाव टाकून बघितले. आधी म्हटलं, मांगराला एक चांगला राखणदार हवा. "कुत्र्यांना राखायला कुत्रा?" मग म्हटलं, झावळ्या बदलून देतो. दिल्या बदलून, वर चढून, दोनदा पाय घसरला. ती खालून बघत होती. उतरल्यावर म्हणाली, "आता खरं बोल. कवा जातोस?"

"शेवटच्या बोटीनं."

"मेल्या, आत मुंगीला जागा नाय. काल कुणीतरी दोन पिल्लं दारात टाकून गेलं, ती मी माझ्या अंथरुणात घेतलीत."

"पडवीत बसेल गो. दाराबाहेर बसेल. पेज काय मिळेल ती."

तिनं वर नव्या झावळ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझा आहे म्हणून. पण सांगून जा त्याला. ऐकतोस ना? सांगून जा."

"त्याला मराठी येतं, इंग्रजी नाही," मी म्हटलं. ती हसली नाही. तिचं बोलणं मला कळलं, पण त्या लाटेत मागं मागं जाणाऱ्या कुत्र्याचे डोळे माझ्यासमोर होते. माझ्या मामलेदारानं आयुष्यभर बांगड्याला घाबरावं काय? चांगल्या घासाचं भय घेऊन जगावं काय? छे. मी ठरवलं, याला कळूच द्यायचं नाही. आयुष्यभर माणसांना गंडवलं, तांडेलाला गंडवलं, साहेबाला गंडवलं, एका कुत्र्याला गंडवता येणार नाही? आणि डाव मनात बसायला लागला तसा मी शीळ घालायला लागलो.

डाव साधा होता. रोज सकाळी मी मामलेदाराला शिळी भाकरी पेजेत बुडवून द्यायचो. मग दोघं बंदरावर. वखारीच्या पायरीवर त्याला बसवायचो, म्हणायचो, "बस हितं, आलो," आणि बाजाराच्या रस्त्यानं भट्टीवर गरम चणे आणायला जायचो. तो तोंड रस्त्याकडे करून बसायचा, शेपूट नाही की कान नाही हलवायचा, मी वळणावर दिसेपर्यंत. मी आलो की एक चणा उडवायचो, तो हवेत झेलायचा. झालं. तर जायच्या दिवशी सगळं तेच करायचं. ट्रंक आदल्या संध्याकाळी शिवाकडे पाठवली, मामलेदार रावजीच्या कोंबड्यांमागं गेलेला असताना. घर झाडलं नाही, भांडी पालथी घातली नाहीत, देवापुढं निरोपाचा दिवा लावला नाही, कुलूप खिशात ठेवलं. हातावर दही घालायला घरात कुणी नव्हतंच. सकाळी भाकरी पेजेत बुडवली. सवयीनं हात शिंक्याकडे गेला, तिथं रावजीनं दिलेली सुकटाची चटणी होती. हात मागं घेतला. नुसती भाकरी. त्यानं चाटूनपुसून खाल्ली, पानाला नाक लावून ढकलत अंगणाच्या कडेपर्यंत नेलं, रोजच्यासारखं. त्याची शेपूट रोजच्यासारखी. पाटी गळ्यात घातली. आत चणे नव्हते, वर फडकं होतं. दाराला कुलूप लावताना मी खोकलो, आवाज झाकायला. वखारीच्या पायरीपाशी आलो. "बस हितं, आलो." तो बसला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. रोज फिरवत नव्हतो. बाजाराच्या रस्त्यानं वळणापर्यंत गेलो, वळणावर पाटी रावजीच्या हातात दिली, मागच्या गल्लीनं, मासळी सुकवायच्या मांडवांमधून वाकून, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला. असा वाकून पळताना मला आतून उकळी फुटत होती. एवढा नीट डाव आयुष्यात साधला नव्हता. पडावात उडी मारली. तांडेल महिपत म्हणाला, "काय भागोजी, कुणाचं पैसं बुडवून पळतोस?" पडावातली माणसं हसली. मी म्हटलं, "मामलेदाराला चुकवून आलो!" आणखी हसली.

वल्ही पाण्यात पडली. लांब बोट उभी होती, तिच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. महिपत आणि मी एका वयाचे. एकदा, खूप वर्षांपूर्वी, मी असाच पडावात होतो आणि अर्ध्या वाटेवर बाईच्या आवाजात किंचाळलो होतो, "माझं बाळ राहिलं गो धक्क्यावर!" गदारोळ झाला, बायका रडायला लागल्या, महिपतनं पडाव वळवला, घामाघूम होऊन धक्क्याला लावला. तिथं एक भोपळा ठेवला होता मी, कुंची घालून. महिपतनं तो भोपळा माझ्या डोक्यावर फोडला आणि मग तोच सगळ्यात जास्त हसला. अजून मांडवीत सांगतात तो किस्सा.

शिवा समोर बसला होता. त्यानं कपाळाला हात लावला. "काका, विसरलोच बघ. काल गोदूबाईनं हे दिलंन." फडक्यातली पुरचुंडी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. "म्हणाली, दोन आहेत. भागोजीला सांग, एक तुला, आणि एक त्याला घाल आणि मगच जा. ट्रंकेच्या नादात राहून गेलं. आता दोन्ही तूच खा." फडकं सोडलं. तांदळाची भाकरी आणि वर दोन बांगडे, तिखट लावलेले, कडा कुरकुरीत. तो वास नाकात गेला आणि बावट्याच्या काठीखालची काळी कुत्री माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. हिला कुणी काय घातलंच नाय. म्हणून हिला अजून सुटलंच नाय. मी मान वळवून धक्क्याकडे बघितलं.

बंदरावरची बाकीची कुत्री पाण्याच्या कडेला होती. काही भुंकत होती, एक गुडघाभर पाण्यात उभं होतं, सगळ्यांची तोंडं पडावाकडे. वखारीच्या पायरीवर एकच कुत्रा होता, त्याची पाठ समुद्राकडे होती. ताठ बसलेला. तोंड बाजाराच्या रस्त्याकडे.

हाक मारली असती तर त्यानं ऐकली असती. माझा आवाज बोटीपर्यंत जातो. पण मागच्या वर्षी पावसच्या एकाचा कुत्रा हाक ऐकून पडावामागं पोहत निघाला होता, आणि त्याचं काय झालं ते या पडावातल्या सगळ्यांनी बघितलेलं आहे. घशात आलेली हाक मी दातांनी धरली.

"महिपत, फिरव पडाव."

"कशाला? भोपळा राहिला?"

सगळा पडाव हसला. ज्यांना किस्सा ठाऊक नव्हता त्यांना बाजूचे सांगायला लागले.

"गंमत नाही रे. फिरव. खरंच फिरव. मामलेदार राहिलाय. त्याला हे द्यायचंय. एवढं देतो आणि लगेच येतो."

"मामलेदार मागनं मोटारीनं येतील!" कुणीतरी ओरडलं. एक बाई हसता हसता लोळायची बाकी राहिली. मी उभा राहिलो, पडाव डुलला, शिवानं माझं धोतर धरून मला खाली बसवलं. "महिपत, तुझ्या पाया पडतो," मी म्हटलं, आणि खरंच वाकलो, हातात बांगडा तसाच. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं, मिशीत शिरत होतं, खारट.

"बघा, बघा!" ती बाई शेजारणीला ढोसत म्हणाली. "डोळ्यातनं पाणी पण काढतोय मेला! असा माणूस जन्माला यायला पायजे!"

महिपत वल्हेकऱ्यांना हाळी देत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली, मग बोटीनं भोंगा दिला आणि त्यानं मान फिरवली. "पुरे आता, भागोजी," तो म्हणाला. मायेनंच म्हणाला.

मी गप्प बसलो. आणि मग, काय सांगू, त्यांच्या हसण्यात माझंही हसू मिसळलं. आपोआप आलं. बांगड्याचं तिखट बोटांना लागलं होतं, ते डोळ्यांत गेलं. धक्का लहान होत चालला. कुत्री कुठली आणि दगड कुठले ते कळेनासं झालं, तरी ती एक पाठ मला दिसत होती, पायरीवर, ताठ. बाजाराच्या रस्त्यावर वळणापाशी कुणीतरी आलं. गळ्यात पाटी असावी, रावजी असेल, माझी पाटी परत घरी घेऊन जाणारा. मामलेदार उठून उभा राहिला. शेपूट हलवत, तोंड वर करून, चणा झेलायला.